अकरा जिल्ह्यांतले आपण : कुलूप काढायचं ते कुठल्या हिशोबानं?

खालचा_रस्ता (सातारा) | ३ ऑगस्ट २०२१, रात्री १०.४०

कोरोनाच्या बंधनांबद्दलचा राज्य सरकारचा कालचा आदेश सगळ्यांनी वाचलाच असेल. बाकीच्या बहुतेक जिल्ह्यांत दुकानं रात्री आठपर्यंत. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, बीड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघर हे अकरा मात्र होते तिथंच, स्तर तीनवर. चारला शटर खाली, शनिवार-रविवार बंद. पावणेचारला आमच्या साताऱ्यात राजपथावर जाऊन बघा. दिवसभराची गिऱ्हाईकं त्या पंधरा मिनिटांत दुकानात घुसलेली असतात. वेळ कमी केली की माणसं कमी होत नाहीत, ती एकमेकांच्या अंगावर येतात. पण हे रडगाणं सगळीकडे चालू आहे, त्यासाठी हा धागा नाही.

माझा मुद्दा सूत्राचा आहे. जूनमध्ये ठरलेले पाच स्तर दोन आकड्यांवर उभे आहेत : पॉझिटिव्हिटी किती, म्हणजे शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले, आणि ऑक्सिजनच्या खाटा किती भरल्या. पॉझिटिव्हिटी ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांच्या आत असतील तर पहिला स्तर. पॉझिटिव्हिटी २० च्या वर गेली की पाचवा. मेचा तो महिना आठवला तर खाटा मोजणं बरोबरच होतं, दुसरं मोजण्यासारखं फार काही हातात नव्हतं. पण साठीच्या वरच्यांना १ मार्चपासून लस मिळतेय, पंचेचाळिशीच्या वरच्यांना १ एप्रिलपासून. ती कुणाला मिळाली आणि कुणाला नाही, याला उघडण्याच्या सूत्रात जागाच नाही.

कोरोना होतो सगळ्यांना, मारतो मात्र निवडून. केंद्राच्या आरोग्य सचिवांनी मार्चमध्येच सांगितलं होतं की देशातल्या कोरोना मृत्यूंपैकी ८८ टक्के पंचेचाळिशीच्या वरचे आहेत. मग प्रश्न एवढाच उरतो : गावातल्या साठीच्या वरच्यांतल्या, मधुमेह-बीपीवाल्यांतल्या किती जणांचे दोन्ही डोस झाले? दहातल्या नऊ जणांचे झाले असतील तर बाजाराला घड्याळ कशाला लावायचं? आणि दहातल्या चारच जणांचे झाले असतील तर पॉझिटिव्हिटी कितीही खाली येऊ दे, मला झोप लागणार नाही.

मे महिन्यात राज्यानं अठरा ते चव्वेचाळीसची लस थांबवून तो साठा वयस्करांच्या दुसऱ्या डोसकडे वळवला. माझ्या वयाच्या सगळ्यांनी तेव्हा शिव्या घातल्या. मला तो निर्णय तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. तोच विचार उघडताना का सोडला, हे मात्र कळत नाही.

मास्क काढा, लग्नाला हजार माणसं बोलवा, असं मी म्हणत नाहीये. ते वाचून कुणी भांडायला आलं तर उत्तर देणार नाही.

---

गणपती_पेठ (सांगली) | ३ ऑगस्ट, रात्री ११.१५

२०१९ ला महापूर, २०२० ला टाळेबंदी, २०२१ ला दोन्ही एकदम. पाणी ओसरून आठवडा झाला. दुकानात अजून चिखल आहे, भिजलेली पोती बाहेर काढतोय, आणि चार वाजले की गाडी येऊन शिट्टी मारते. साफसफाईलासुद्धा शटर अर्धं लावून घ्यायचं. धाग्याशी सहमत आहे, पण आधी हे कुणीतरी लिहायला हवं होतं.

---

माणदेशी_खडा | ४ ऑगस्ट, सकाळी ७.०५

समदं खरं हाय दादा, पर आमच्याकडं म्हातारी माणसं लस घ्याला तयारच न्हाईत त्याचं काय? आमचा आज्जा म्हंतोय, "देवी निघाल्या तवा टोचली, आता परत कशाला?" आन् लस घिऊनबी होतोयच की. आमच्या भावकीत दोघास्नी झाला.

---

मिरज_जंक्शन | ४ ऑगस्ट, दुपारी १.३०

होतो. पण किती डोस झाले होते ते विचारा. डेल्टावर (कोरोनाचा जास्त पसरणारा प्रकार) ब्रिटनमध्ये झालेला अभ्यास गेल्या महिन्यात प्रसिद्ध झाला. ॲस्ट्राझेनेकाच्या, म्हणजे आपल्या कोविशिल्डच्या, एका डोसनंतर लक्षणं असलेल्या आजारापासून संरक्षण साधारण ३० टक्के, दोन डोसनंतर ६७ टक्के. आणि दवाखान्यात भरती होण्यापासून दोन डोसचं संरक्षण तिथल्याच आरोग्य खात्यानं जूनमध्ये ९२ टक्के सांगितलं होतं. म्हणजे दोन डोस झालेल्या माणसाला सर्दी-ताप येईल, चार दिवस पडून राहील, पण ऑक्सिजनच्या खाटेपर्यंत जायची वेळ क्वचित येईल. एप्रिल-मेमध्ये मी ज्या वॉर्डात होतो तिथला फरक डोळ्यांनी बघितलाय, पण माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, वरचे आकडे धरा.

खालचा_रस्ता, तुमच्या सूत्रात एक मोठी गोची आहे. १३ मेला आपल्याकडे कोविशिल्डच्या दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं पन्नाशीच्या वरच्यांसाठी तेच अंतर १२ वरून ८ आठवड्यांवर आणलं, कारण डेल्टा. तुटवड्यात जास्त लोकांना निदान एक डोस मिळावा हे आपलं गणित मला समजतं. पण त्यामुळे मेच्या मध्यानंतर पहिला डोस घेतलेल्या आजीचा दुसरा डोस लवकरात लवकर आत्ता, ऑगस्टात येतो, आणि काहींचा सप्टेंबरात. "दोन्ही डोस" हा निकष लावला तर उघडणं आपोआप गणपतीपर्यंत पुढं जातं. चालेल?

---

खालचा_रस्ता | ४ ऑगस्ट, दुपारी २.१०

चालेल. निदान कशाची वाट बघतोय ते तरी कळेल. आत्ता दर शुक्रवारी पत्रिका उघडल्यासारखी पॉझिटिव्हिटी उघडतात आणि आपले ग्रह कसे आहेत ते कळतं.

---

लेस्टरकर (मूळचा कराड) | ५ ऑगस्ट, पहाटे २.२०

अकरा जिल्ह्यांत राहायचं दुःख मला विचारा. २९ जून २०२० ला ब्रिटनमधली पहिली स्थानिक टाळेबंदी आमच्याच शहरात लागली. बाकीचा देश उघडत होता आणि आम्ही घरात. त्यानंतर बंधनांची नावं बदलली, पण या वसंतापर्यंत आम्ही कधी पूर्ण मोकळे झालोच नाही. तेव्हा निकष रुग्णसंख्या हाच होता.

नंतर इथं जे झालं ते खालचा_रस्ता म्हणतात त्याच्या जवळचं आहे. ८ डिसेंबरला कॉव्हेंट्रीत नव्वद वर्षांच्या आजींना पहिला डोस दिला. क्रम वयाचा : आधी वृद्धाश्रम आणि तिथले कर्मचारी, मग ऐंशीच्या वरचे, मग पंच्याहत्तर, मग सत्तर आणि त्यांच्याबरोबर गंभीर आजारी. तुमची नोकरी काय, हा प्रश्न आरोग्य आणि देखभाल सेवेतल्यांसोडून कुणाला विचारला नाही. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत या पहिल्या चार गटांना लस देऊ केली होती. ८ मार्चला शाळा, १२ एप्रिलला दुकानं, १७ मेला हॉटेलात आत बसणं, १९ जुलैला बाकी सगळं. मधे एकदा डेल्टामुळे चार आठवडे पुढंही ढकललं, ते का तर आणखी लोकांचा दुसरा डोस व्हावा म्हणून.

जानेवारीत रोजचे रुग्ण पन्नास-साठ हजार होते आणि मृत्यू रोज हजाराच्या वर. या जुलैत रुग्ण पुन्हा पन्नास हजारांच्या आसपास गेले, मृत्यूंची रोजची सरासरी शंभराच्या आत राहिली. रोग तोच, उलट जास्त पसरणारा.

पण भावांनो, इथं वृद्धांनी लस जवळपास सगळ्यांनी घेतली, आणि ती घ्यायला डोंगर उतरून यावं लागलं नाही. तेवढा फरक धरून वाचा.

---

डोंगरातली_सिस्टर | ६ ऑगस्ट, रात्री ९.५०

सगळे आकडे वाचले. आता उपकेंद्रावर काय होतं ते सांगते, कारण दहातले नऊ हे लिहायला सोपं आहे.

कोविशिल्डच्या एका व्हायलमध्ये दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची. वाडीवर सत्र लावलं आणि सातच माणसं आली तर व्हायल उघडायची का? उघडली तर तीन डोस वाया, वरून विचारणा. नाही उघडली तर सात माणसं परत. त्या सातांत एखादी सत्तरीची बाई काठी टेकत ओढा ओलांडून आलेली असते. ती परत गेली की पुन्हा येत नाही. म्हणून आम्ही फोन करून, आशाताईला पळवून, रस्त्यावरच्या माणसाला थांबवून दहा पुरे करतो. दहावा माणूस बहुतेक वेळा पंचवीस वर्षांचा गाडीवाला पोरगा असतो. तुमच्या हिशोबात तो नाही, पण त्याच्यामुळे व्हायल उघडते.

दुसरं, वेळ. जुलै-ऑगस्ट भातलागणीचा. लस घेतली की दोन दिवस ताप येतो हे सगळ्या वाड्यांना माहीत झालंय. चिखलात उभी असलेली बाई म्हणते, लागण उरकू दे मग येते. तिचं चुकतंय असं मला म्हणवत नाही, एक बाई कमी झाली की एकमेकींच्या शेतात राबायचा पैरा मोडतो. आणि गेल्या महिन्यात पाटणला दरडी कोसळून काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच. आंबेघर, मिरगाव, ढोकावळे. आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं घरं सोडून शाळांत राहिली. त्या शाळेत मी लसीचं नाव काढलं तेव्हा एका आजोबांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. तिथं मीही पुढं बोलले नाही, पुढच्या आठवड्यात परत गेले.

तिसरं, अंथरुणाला खिळलेले. ते केंद्रावर येऊच शकत नाहीत, म्हणून ते कुणाच्याच रांगेत दिसत नाहीत. खरा धोका त्यांनाच, कारण घरातली बाकीची सगळी बाहेर फिरून येतात.

म्हणून खालचा_रस्ता दादा, तालुक्याची टक्केवारी कितीही छान दिसू दे, वाडीवरचा म्हातारा तिच्यात नसतो. मोजायचंच असेल तर नावानं मोजा. याद्या आहेत. गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात "माझे कुटुंब, माझी जबाबदारी"त आम्हीच घरोघर जाऊन कुणाला साखर, कुणाला बीपी, कुणाला दमा ते लिहून आणलंय. ती वही काढायची, कुणाचं राहिलं ते बघायचं आणि त्या घरी जायचं. ज्या वाडीतलं एकही नाव कोरं नाही ती वाडी उघडी. बाकी तुमचं शटर चारला लावा नाहीतर आठला, मला फरक पडत नाही.

---

माणदेशी_खडा | ६ ऑगस्ट, रात्री १०.२०

सिस्टर, दंडवत. आज्जाला उद्या गाडीवर बसवून न्हेतो. दहावा गाडीवाला मीच हाय.

---

संपादक | ७ ऑगस्ट, सकाळी ९.००

लसीत चिप असते वगैरे दोन प्रतिसाद उडवले आहेत. व्हॉट्सॲपवरचे संदेश इथं डकवू नयेत.

---

पुसेगावचा_बापू | ८ ऑगस्ट, सायंकाळी ५.३०

नातवाकडून टाइप करून घेतोय. वय ७६, दोन्ही सुया झाल्या.

इथं सगळे आमच्याबद्दल बोलताय, आम्हाला कुणी विचारलं का? सेवागिरी महाराजांची यात्रा आमच्या जिवासाठी म्हणून भरवली नाही, ते कबूल. बैलबाजार नाही, रथ नाही. पण आता सुया टोचून झाल्यावरही सून चहाचा कप उंबऱ्यावर ठेवून जाते. पारावरचे चार सोबती होते, त्यातला एक एप्रिलमध्ये गेला, त्याला खांदा द्यायलाही कुणी जाऊ दिलं नाही. उरलेल्या तिघांना भेटायला मला कलेक्टरची परवानगी नको. जपणूक आणि कैद यात काही अंतर असतं की नाही?

बाळा, तुझं सूत्र बरं आहे. फक्त आमचे डोस झाले म्हणजे तुम्हाला दुकान उघडता येईल, असं नको. आमचे डोस झाले म्हणजे आम्हाला पारावर बसता येईल, असं लिही.

---

खालचा_रस्ता | ८ ऑगस्ट, सायंकाळी ६.००

बापू, हे मूळ धाग्यात जायला हवं. लिहितो तसं.

---

खडू_फळा (आटपाडी) | १० ऑगस्ट, रात्री ८.४५

दुकानं चारला तरी बंद होतात, आमच्या शाळा उघडतच नाहीत. १५ जुलैपासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी सुरू करायला परवानगी आहे, पण ठराव द्यायला गावं घाबरतात. कारण विचारलं तर प्रत्येक पालक एकच सांगतो : पोराला काही होत नाही हो, पण घरी म्हातारी आहे. म्हणजे पोरांची शाळा आजीच्या दंडावर अवलंबून आहे. ग्रामपंचायतीनं आधी त्या आज्या मोजाव्यात, सिस्टर म्हणतात तशा नावानिशी. ऑनलाइनबद्दल मी बोलणार नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं फोनला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर जातात, आणि टेकाडावर गेल्यावर अभ्यास कोण करतंय?

---

सई_विश्रामबाग | १४ ऑगस्ट, दुपारी १२.१०

सगळा धागा वाचला. उद्यापासून वेळ रात्री दहापर्यंत, दोन डोसवाल्यांना मॉल, मुंबईत लोकल. चांगलंच आहे. पण "दोन डोस झाले की सुरक्षित" हे वाक्य आमच्या घरात लागू पडत नाही.

आईचं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालंय. शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं तिला जन्मभर घ्यायची आहेत. त्याच औषधांमुळे अशा लोकांमध्ये लसीचा परिणाम कमी होतो. तिचे दोन्ही डोस झाले, सिस्टरांच्या वहीत तिच्या नावापुढं दोन बरोबरच्या खुणा असतील, आणि तरी ती तितकीच उघडी असेल. कॅन्सरचे उपचार चालू असलेले काही जणही यातच येतात. अमेरिकेनं परवा अशा रुग्णांना तिसरा डोस मंजूर केला. आपल्याकडे अजून काही नाही.

मी उघडू नका म्हणत नाहीये. गणपती पेठेतल्या माणसांनी माझ्या आईसाठी किती दिवस उपाशी बसायचं? पण बाजार उघडताना दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात, औषधाच्या दुकानात, एसटीत मास्क राहू द्या. ती फक्त या तीन ठिकाणी जाते. आणि तिच्याजवळ येणाऱ्या सगळ्यांनी, म्हणजे मी, भाऊ, कामाला येणाऱ्या मावशी, आम्ही लवकर लस घेतली पाहिजे. मावशी तीस वर्षांच्या आहेत, ॲप वापरता येत नाही. त्यांच्यासाठी स्लॉट शोधताना कळलं की मोठ्या शहरातली पोरं गाडी घेऊन खेड्यातल्या केंद्रांवर का जातात. वय हा पहिला निकष मला मान्य आहे, पण शेवटचा नाही.

---

मिरज_जंक्शन | १४ ऑगस्ट, दुपारी ३.००

सईताईंशी शंभर टक्के सहमत. दवाखान्यातला मास्क हा महामारीपुरता असूच नये, कायमचा असावा, असं माझं आधीपासूनचं मत आहे. शिवाय हवा. प्रतीक्षागृहाच्या खिडक्या उघडा, एसी बंद करा. हात धुण्यावर जेवढा फेस काढला त्याच्या चतुर्थांश लक्ष खिडक्यांकडे दिलं असतं तर बरं झालं असतं.

---

गणपती_पेठ | १४ ऑगस्ट, रात्री ९.१५

सई, आमच्या बाजूनं बोललीस, तुझ्या आईसाठी एवढं तर करूच. दुकानात मास्कशिवाय येणाऱ्याला माल नाही अशी पाटी लावली आहे. हमालांचे पहिले डोस पुढच्या आठवड्यात करून घेतो, त्यांचीही म्हातारी आईबापं घरी आहेतच.

---

खालचा_रस्ता | ३ मार्च २०२२, रात्री ९.३०

धागा वर काढतोय. मधे बरंच होऊन गेलं. ४ ऑक्टोबरला शाळा, घटस्थापनेला देवळं, कवच कुंडल, हर घर दस्तक या लसीच्या मोहिमा, मग जानेवारीत ओमायक्रॉन आणि पुन्हा बंदी.

नवा आदेश बघितलात का? उद्यापासून चौदा जिल्ह्यांत हॉटेल, नाट्यगृह पूर्ण क्षमतेनं. निकष : पहिला डोस ९० टक्के, दुसरा ७० टक्के, पॉझिटिव्हिटी १० च्या आत, ऑक्सिजनच्या खाटा ४० टक्क्यांच्या आत. लसीचे दोन आकडे आले शेवटी सूत्रात! आणि त्या चौदात सातारा आहे, सांगली आहे, कोल्हापूर, पुणे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडही आहेत. ऑगस्टात अडवून ठेवलेल्या अकरांतले सात.

एक खोट आहेच. ७० टक्के कुणाचे? सगळ्या प्रौढांचे. त्यात साठीच्या वरचे किती, हे अजूनही वेगळं विचारलेलं नाही.

---

लेस्टरकर | १६ मार्च २०२२, पहाटे १.००

ती खोट लहान नाही. हाँगकाँगकडे बघा. दोन वर्षं जगातल्या सगळ्यात कडक बंदोबस्तांपैकी एक, मृत्यू नगण्य. लस भरपूर, फुकट. एकूण टक्केवारीही वाईट नव्हती. पण या वर्षाच्या सुरुवातीला ऐंशीच्या वरच्यांतल्या बहुतेकांनी ती घेतलीच नव्हती. रोग शहरात नाही तर घाई कशाला, असं वाटलं. ओमायक्रॉन वृद्धाश्रमांत शिरला आणि या महिन्यात लोकसंख्येच्या मानानं तिथला मृत्युदर जगात सर्वांत वरच्या दरांत आहे. ओमायक्रॉन सौम्य म्हणून आपण सुटलो, असं म्हणणाऱ्यांना हे दाखवा.

---

पुसेगावचा_बापू | १ एप्रिल २०२२, सकाळी ८.४०

उद्या पाडवा. उद्यापासून राज्यातली सगळी बंधनं उठली, मास्कसुद्धा ज्याच्या-त्याच्या मर्जीवर, असं टीव्हीवर दाखवलं. सून म्हणते तुम्ही लावा. लावतो. तिचं ऐकलं की चहा आत मिळतो.

---

डोंगरातली_सिस्टर | १ एप्रिल, रात्री १०.०५

बंधनं उठली, माझी वही संपली नाही. १६ मार्चपासून साठीच्या वरच्या सगळ्यांना खबरदारीचा तिसरा डोस सुरू झालाय. दुसऱ्या डोसनंतर नऊ महिने लागतात. म्हणजे ज्यांचा दुसरा डोस सप्टेंबरात झाला त्यांचा जूनमध्ये, नेमका पुन्हा पेरणी-लागणीच्या तोंडावर येणार. म्हणून आत्ताच आपापल्या घरातल्या वयस्करांची तारीख प्रमाणपत्रावर बघून ठेवा. सईताई, आईंचा दुसरा डोस कधीचा?

---

सई_विश्रामबाग | १ एप्रिल, रात्री १०.३०

जूनमधला, नऊ महिने झाले. सोमवारी नेतेय. खिडक्या उघड्या असलेलं केंद्र शोधून ठेवलंय.

---

माणदेशी_खडा | २ एप्रिल, सकाळी ६.५०

समद्यास्नी पाडव्याच्या शुभेच्छा. आज्जाचा दुसरा डिसेंबरात झाला, तवा तिसरा सप्टेंबरात. आज्जा आत्ताच इचारतोय, "तिथं माझ्या शेळीची सोय हाय का, तिला सोडून मी न्हाई येणार."